मंद प्रकाशातल्या प्रतिमेवरचे आडवे पट्टे: पुढचा अल्गोरिदम शोधण्याआधी काय मोजायचं

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही एका सीमॉस इमेज सेन्सरभोवती (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) स्वतः बोर्ड बनवला आहे. ६४० गुणिले ४८०, १२ बिट, एकरंगी, मंद प्रकाशातल्या सूक्ष्मदर्शकासाठी. प्रतिमेत नॉइज (पिक्सेलच्या आकड्यांतला नको असलेला चढउतार) आहे आणि त्यावर बरेच फिकट आडवे पट्टे आहेत. नॉइज घालवायला मीडियन, वेव्हलेट, नॉन-लोकल मीन्स, बीएमथ्रीडी हे फिल्टर आणि एक तयार न्यूरल नेटवर्क, सगळं करून झालं. पीएसएनआर (स्वच्छ संदर्भ प्रतिमेच्या तुलनेत नॉइज किती कमी, याचा आकडा) सात-आठ डेसिबलनी सुधारतो, पण पट्टे आधीपेक्षा जास्त ठळक दिसतात. गाइड म्हणतात मोठं नेटवर्क ट्रेन करा. हातात चार महिने आहेत. तर पुढचा अल्गोरिदम कोणता घ्यावा?

माझं उत्तर: सध्या कोणताच नको. आधी हे पट्टे सेन्सरपासून प्रतिमेपर्यंतच्या साखळीत नेमके कुठे शिरतात ते शोधा. त्याला दोन-तीन दिवस लागतील, आणि त्यानंतर अल्गोरिदमचा प्रश्न पुष्कळ सोपा होईल. काही गोष्टी तुमच्या बोर्डवर अवलंबून आहेत; बोर्ड बदलता येतो का, सेन्सरला प्रकाशापासून झाकलेले काळे कॉलम आहेत का, रेग्युलेटर (पुरवठ्याचं व्होल्टेज ठरवणारा भाग) कोणता आहे. तिथे मी दोन्ही वाटा सांगतो.

आकडा सुधारतो आणि डोळ्याला बिघडलेलं दिसतं, यात गूढ काही नाही. समजा अंधारात घेतलेल्या फ्रेममध्ये पिक्सेलचं एकूण प्रमाण विचलन ३ काउंट (सेन्सर देतो त्या आकड्याचं एकक) आहे आणि ओळींच्या सरासरीतला चढउतार ०.६ काउंट. नॉइज जोडताना वर्ग जोडतात. ९ मध्ये ०.३६, म्हणजे पट्ट्यांचा वाटा चार टक्के. पट्टे जादूने पूर्ण पुसले तरी पीएसएनआर जेमतेम ०.१८ डेसिबल वाढेल. उलट फिल्टरने सुट्या पिक्सेलचा नॉइज १ काउंटवर आणला आणि पट्ट्यांना हातही लावला नाही, तरी पीएसएनआर सुमारे ८ डेसिबल वाढतो. तुमच्याकडे हेच झालंय. वरचं गवत कापलं, खालचे दगड उघडे पडले. एका ओळीतले ६४० पिक्सेल एकत्र वरखाली होतात तेव्हा डोळा ते लगेच टिपतो. म्हणून कॅमेरे बनवणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे की ओळींचा नॉइज पिक्सेलच्या नॉइजच्या एक दशांशाच्या आत ठेवायचा. वरच्या उदाहरणात तो एक पंचमांश आहे.

फिल्टर पट्टे का सोडतात, तेही बघा. तुम्ही वापरलेल्या बहुतेक पद्धती असं धरून चालतात की प्रत्येक पिक्सेलचा नॉइज शेजाऱ्यापेक्षा स्वतंत्र आहे आणि सगळीकडे सारखा पसरला आहे. २००५ मधली नॉन-लोकल मीन्स आणि २००७ मधली बीएमथ्रीडी तर एकमेकांसारखे तुकडे शोधून ते एकत्र साफ करतात. पट्टा ओळभर सारखाच असतो, त्यामुळे तो त्यांना प्रतिमेतली खरी रचना वाटतो आणि त्या तो जपतात. कृत्रिम गाउसियन नॉइजवर (प्रत्येक पिक्सेलला सुटा, यादृच्छिक) ट्रेन केलेलं तयार नेटवर्कही हेच करतं, त्याने पट्टा कधी पाहिलेलाच नसतो.

आता मोजायला बसू. लेन्स काढा, सेन्सरवर झाकण घाला, वर काळं कापड टाका, खोलीतला दिवा बंद करा. एक्स्पोजर सगळ्यात कमी ठेवा. डेटा थेट सेन्सरचा, १२ बिटचा घ्या. जेपीईजी नको, गॅमा (उजळपणाची वक्र दुरुस्ती) नको, ८ बिटला उतरवलेला नको. ब्लॅक लेव्हल, म्हणजे अंधारात सेन्सर देतो तो सरासरी आकडा, शून्यावर नसल्याची खात्री करा. ती शून्यावर असेल तर नॉइजची खालची बाजू छाटली जाते, विचलन खोटं कमी दिसतं आणि पुढचं सगळं गणित चुकतं. ब्लॅक लेव्हल १०० च्या आसपास असली की निर्धास्त.

अंधारात पट्टे गेले तर तुमचा बोर्ड निर्दोष आहे, दोष दिव्याचा. घरच्या विजेवर चालणारे बरेच दिवे पुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेने, म्हणजे १०० किंवा १२० हर्ट्झने लुकलुकतात, आणि रोलिंग शटर प्रत्येक ओळ वेगळ्या क्षणी उघडतं. ओळीला २० मायक्रोसेकंद लागत असतील तर १०० हर्ट्झचा एक फेरा ५०० ओळींचा होतो, म्हणजे संपूर्ण फ्रेमभर एकच रुंद छाया. तुम्ही 'बरेच पट्टे' असं लिहिलंय, त्यामुळे मला ही शक्यता कमी वाटते. पण झाकण घालून बघायला पाच मिनिटं लागतात, ती वाचवू नका.

अंधारातही पट्टे राहिले तर लागोपाठ दोन फ्रेम घ्या आणि एकीतून दुसरी वजा करा. वजाबाकीचं विचलन भागिले वर्गमूळ दोन, हा तुमचा काळाबरोबर बदलणारा नॉइज. जे दोन्ही फ्रेममध्ये जागच्या जागी होतं ते वजाबाकीत नाहीसं होतं. मग मूळ फ्रेमच्या प्रत्येक ओळीची सरासरी काढा आणि त्या ४८० आकड्यांचा आलेख काढा. नॉइज खरंच स्वतंत्र असता तर या सरासऱ्यांचं विचलन ३ भागिले ६४० चं वर्गमूळ, म्हणजे ०.१२ काउंट आलं असतं. ०.६ आलं, तर ओळींमध्ये दुसरं काहीतरी शिरतंय हे तुमच्याकडे आकड्यात सिद्ध झालं.

आणखी एक गोष्ट तपासा. पीएसएनआरसाठी तुम्ही संदर्भ प्रतिमा बहुधा शंभरेक फ्रेमच्या सरासरीतून बनवली असणार. पट्टे प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी येत असतील तर ते संदर्भ प्रतिमेतही बसलेत. मग पट्टे काढणाऱ्या पद्धतीला तुमचाच मापदंड शिक्षा करतोय.

ओळीच का, कॉलम का नाहीत? सीमॉस सेन्सरमध्ये एका ओळीतले सगळे पिक्सेल एकाच क्षणी कॉलमखालच्या कपॅसिटरवर उतरवले जातात. त्या क्षणी पुरवठ्याचं किंवा रेफरन्सचं व्होल्टेज थरथरलं की ती थरथर ६४० पिक्सेलना सारखी लागते. तुम्ही म्हणाल, सेन्सरमध्ये कोरिलेटेड डबल सॅम्पलिंग (प्रत्येक पिक्सेलचे दोन नमुने घेऊन वजाबाकी) आहे, मग हे वजा व्हायला नको? मार्विन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरसाठी मांडलेली ही युक्ती रीसेटच्या (पिक्सेल रिकामा करतानाच्या) नॉइजवर रामबाण आहे. पिक्सेलमधल्या, चार्ज साठवणाऱ्या १.६ फेम्टोफॅरडच्या नोडवर हा नॉइज सामान्य तापमानाला साधारण १६ इलेक्ट्रॉन असतो, आणि रीसेटनंतरचा नमुना सिग्नलच्या नमुन्यातून वजा केला की तो जातो, कारण दोन्हींमध्ये तो तोच असतो. पुरवठ्याची थरथर मात्र दोन नमुन्यांमध्ये तीच राहत नाही. नमुन्यांत काही मायक्रोसेकंदांचं अंतर असतं आणि ६०० किलोहर्ट्झने चालू-बंद होणाऱ्या स्विचिंग रेग्युलेटरचा एक फेरा १.६७ मायक्रोसेकंदांचा. तेवढ्यात रेग्युलेटर कुठल्या कुठे पोचलेला असतो.

म्हणजे त्या ४८० ओळींच्या सरासऱ्या हा खरं तर काळाबरोबर चालणारा एक सिग्नल आहे, दर ओळीला एक नमुना घेतलेला. एकदा हे डोक्यात बसलं की पट्ट्यांकडे बघण्याची दृष्टीच बदलते. त्या सरासऱ्यांचा एफएफटी काढा, म्हणजे त्यात कोणत्या वारंवारता आहेत ते दिसेल. समजा पिक्सेल क्लॉक ४० मेगाहर्ट्झ, एका ओळीला ८०० क्लॉक, म्हणजे ओळींची वारंवारता ५० किलोहर्ट्झ. पट्टे दर १०० ओळींनी येत असतील तर एफएफटीत ५०० हर्ट्झला टोक दिसेल. पण बोर्डवर ५०० हर्ट्झचं काहीच नाही! बरोबर, कारण ती बहुतेक वेळा सावली असते. ६००.५ किलोहर्ट्झचा रेग्युलेटर ५० किलोहर्ट्झने तपासला की बाराव्या पटीपासून उरलेले ५०० हर्ट्झच दिसतात.

खरं काय ते ओळखायचा माझा आवडता प्रयोग सांगतो. सेन्सरच्या रजिस्टरमध्ये ओळीची लांबी ८०० वरून ८०१ क्लॉक करा. बस एवढंच. ओळींची वारंवारता आता ४९.९४ किलोहर्ट्झ होते. स्रोत खरोखर ५०० हर्ट्झचा असेल तर पट्टे १०० ओळींवरच राहतील. तो ६००.५ किलोहर्ट्झचा असेल तर ओळींच्या वारंवारतेतला फरक बारा पट होऊन लागतो, सावली सुमारे १२५० हर्ट्झवर सरकते आणि पट्टे १०० ऐवजी ४० ओळींवर येतात. एका क्लॉकने पट्ट्यांची रुंदी निम्म्याहून कमी झालेली स्क्रीनवर दिसते. किती सरकले यावरून कितवी पट ते कळतं, आणि पटीवरून मूळ वारंवारता. हे सगळं ऑसिलोस्कोपचा प्रोब न लावता. प्रोबची ग्राउंड वायर लांब असली की ती स्वतःच अँटेना होते आणि भलतंच दाखवते, त्यामुळे मी पहिली विचारपूस सेन्सरकडेच करतो.

मी हे का इतकं लावून धरतो, तर मी स्वतः यात दीड महिना घालवला आहे. एका मापन-उपकरणाचा कॅमेरा होता. सकाळी चालू केला की पट्टे रुंद, अर्ध्या तासात हळूहळू अरुंद होत जायचे आणि मग स्थिर. मी तोपर्यंत तीन प्रकारचे फिल्टर लिहिले होते, आणि प्रत्येक फिल्टर सकाळी चालायचा, दुपारी नाही. शेवटी गार करणारा स्प्रे घेऊन बोर्डवरच्या एकेका भागावर थोडा थोडा मारला. सेन्सरवर काही नाही, मेमरीवर काही नाही. स्विचिंग रेग्युलेटरवर मारला आणि स्क्रीनवरचे पट्टे एखादा पडदा सरकावा तसे पसरले. तापमानाबरोबर त्याची वारंवारता सरकत होती. पुढे लेआउट उघडून बघितलं तर सेन्सरच्या ॲनालॉग पुरवठ्याच्या कपॅसिटरचं ग्राउंड आणि रेग्युलेटरचा परतीचा प्रवाह एकाच व्हायातून (बोर्डच्या थरांना जोडणाऱ्या छिद्रातून) जात होते. कपॅसिटर उचलून सेन्सरच्या ग्राउंड पिनजवळ सोल्डर केला. त्या संध्याकाळच्या फ्रेममध्ये पट्टा नव्हता.

तुमच्याकडे नेमकं हेच असेल असं मी म्हणत नाही. पण रेग्युलेटर निघाला तर क्रमाने या जागा बघा. एलडीओ (स्विचिंग न करणारा रेग्युलेटर) लावलाय म्हणून पुरवठा स्वच्छ आहे, असं धरू नका. बऱ्याच साध्या एलडीओंचं रिपल (पुरवठ्यातली थरथर) दाबणं १ किलोहर्ट्झला ६०-७० डेसिबल असतं, पण मेगाहर्ट्झच्या आसपास ते २० च्या घरात येतं, आणि डेटाशीटच्या पहिल्या पानावर फक्त पहिला आकडा छापलेला असतो. सिरॅमिक कपॅसिटरवर १० मायक्रोफॅरड लिहिलंय म्हणून तो तेवढा असतोच असंही नाही. छोट्या पॅकेजमध्ये त्यावर डीसी व्होल्टेज पडलं की तो निम्म्यावर येऊ शकतो. रेग्युलेटर हलक्या लोडला पल्स गाळण्याच्या मोडमध्ये जात असेल तर त्याला ठरावीक वारंवारताच राहत नाही आणि पट्टे वेडेवाकडे होतात. त्याला सक्तीने स्थिर वारंवारतेच्या पीडब्ल्यूएम मोडमध्ये ठेवा.

आणि रेग्युलेटरला सिंक पिन (बाहेरचा क्लॉक घेणारी) असेल तर तुमचं नशीब चांगलं. त्याला ओळीच्या वारंवारतेच्या नेमक्या पटीचा क्लॉक द्या, इथे ६०० किलोहर्ट्झ. थरथर तेवढीच राहील, पण ती प्रत्येक ओळीला त्याच क्षणी, त्याच मापाने लागेल. सगळ्या ओळी सारख्याच सरकल्या की उरतो तो फक्त एक स्थिर ऑफसेट, जो ब्लॅक लेव्हलमध्ये विरून जातो. एक वायर आणि एफपीजीए या प्रोग्राम करता येणाऱ्या चिपमधला एक काउंटर, इतक्यात काम होतं. माझ्या मते संपूर्ण विषयातला हा सगळ्यात देखणा उपाय आहे.

बोर्डला हात लावणं शक्य नसेल, तर मग सॉफ्टवेअर. बहुतेक जण झाकलेल्या काळ्या कॉलमची सरासरी प्रत्येक ओळीतून वजा करतात. आधी हिशेब करा. असे १६ कॉलम असतील तर त्यांच्या सरासरीतच ३ भागिले ४, म्हणजे ०.७५ काउंटचा नॉइज आहे. ०.६ चा पट्टा काढायला तुम्ही ०.७५ चा नवा पट्टा घालताय! ती सरासरी ०.३९ ने गुणून वजा केली तर थोडा फायदा होतो, ०.६ चं साधारण ०.४७ होतं. ६४ कॉलम असतील तर सरळ वजाबाकीनेही ते ०.३८ वर येतं.

पण तुम्हाला आता वारंवारता माहीत आहे, आणि इथे आधीच्या मोजमापाचं चीज होतं. पट्टा म्हणजे एकच साइन लाट. तिची उंची आणि फेज (लाट कुठून सुरू होते) एवढे दोनच आकडे शोधायचेत, आणि त्यासाठी ४८० ओळी हाताशी आहेत. त्याच १६ काळ्या कॉलमच्या सरासऱ्यांवर साइन बसवली तर उंचीतली चूक ०.७५ गुणिले ४८० पैकी २ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.०५ काउंट. ०.६ विचलनाच्या साइनची उंची ०.८५ असते, तिच्यापुढे ही चूक नगण्य. प्रत्येक फ्रेमसाठी वारंवारता थोडी इकडेतिकडे करून सर्वात चांगली बसणारी घ्या, म्हणजे तापमानाचं सरकणंही त्यात येतं. तीसेक ओळींचा कोड, आणि जे तयार नेटवर्कला जमलं नाही ते यात होतं. काळे कॉलम नसतील तर प्रतिमेच्याच ओळींच्या सरासऱ्या घ्याव्या लागतात आणि दृश्यातल्या आडव्या रचना त्यात मिसळतात. तिथे ८०० आणि ८०१ च्या दोन फ्रेम लागोपाठ घ्या. दृश्य तेच राहतं, पट्टे हलतात, त्यामुळे दोन्ही वेगळे करता येतात.

पट्टे गेल्यावर उरलेल्या नॉइजचं काय? त्यासाठी फोटॉन ट्रान्सफर आलेख काढा. सेन्सरवर सपाट, एकसारखा प्रकाश पाडा, एक्स्पोजर टप्प्याटप्प्याने वाढवा, प्रत्येक टप्प्यावर दोन फ्रेम घ्या. ब्लॅक लेव्हल वजा केलेली सरासरी आडव्या अक्षावर, वजाबाकीतून काढलेलं व्हेरिअन्स (विचलनाचा वर्ग) उभ्या अक्षावर. सरळ रेघ येते, कारण फोटॉनच्या येण्यातल्या चढउताराचं व्हेरिअन्स त्यांच्या संख्येइतकंच असतं. उतार ०.२५ आला तर एका काउंटला ४ इलेक्ट्रॉन. रेघ उभ्या अक्षाला ९ वर कापत असेल तर रीड नॉइज (पिक्सेल वाचताना शिरणारा) ३ काउंट, म्हणजे १२ इलेक्ट्रॉन. डेटाशीट त्याच गेनला (सिग्नल किती पट वाढवला, तो आकडा) ४ म्हणत असेल, तर बाकीचे सुमारे ११ इलेक्ट्रॉन तुमच्या बोर्डने घातलेत. ॲनालॉग गेन वाढवून पुन्हा मोजा. इलेक्ट्रॉनमधला आकडा उतरला तर नॉइज ॲम्प्लिफायरच्या नंतर शिरतोय, नाही उतरला तर आधी.

रीड नॉइजवर किती मेहनत घ्यायची ते तुमच्या प्रकाशावर ठरतं. पिक्सेलला १०० इलेक्ट्रॉन मिळत असतील तर शॉट नॉइजच (फोटॉनच्या येण्यातला चढउतार) १० असतो. रीड नॉइज ३ वरून १ वर आणला तरी एकूण १०.४ चं १०.०५ होतं, कोणाला दिसणारही नाही. पण ९ च इलेक्ट्रॉन मिळत असतील तर तोच बदल ४.२४ चं ३.१६ करतो, सरळ पाव नॉइज गेला. तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली कुठल्या टोकाला आहात, हे या आलेखाशिवाय कळणार नाही.

यानंतर बीएमथ्रीडी पुन्हा चालवा, पण आधी ॲन्सकोम रूपांतर लावून. १९४८ मधलं हे सूत्र इलेक्ट्रॉनच्या संख्येत आठातले तीन मिळवून वर्गमूळ घेतं आणि दुप्पट करतं. त्याने शॉट नॉइज उजेडात आणि अंधारात जवळपास सारखा होतो, म्हणजे फिल्टरने जे गृहीत धरलं होतं ते थोडंफार खरं ठरतं. अगदी मोजके इलेक्ट्रॉन असतील किंवा रीड नॉइज मोठा असेल तर त्याचं व्यापक रूप वापरावं लागतं, ज्यात रीड नॉइजचं व्हेरिअन्सही मिळवतात. दोन्हीसाठी काउंटचे इलेक्ट्रॉन करता यायला हवेत, आणि तो गुणक तुम्ही नुकताच मोजलाय.

गाइडना नेटवर्क हवंच असेल तर नकार देऊ नका. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ट्रेनिंगचा डेटा बदला. स्वच्छ प्रतिमेला मोजलेल्या गेनने शॉट नॉइज लावा आणि वर गाउसियन नॉइजऐवजी तुमच्याच सेन्सरच्या अंधारातल्या खऱ्या फ्रेम मिळवा, ब्लॅक लेव्हल वजा करून. निरनिराळ्या तापमानांना मिळून हजारेक फ्रेम एका दिवसात घेता येतात. मग त्या नेटवर्कला पट्टा म्हणजे काय ते ठाऊक असेल. प्रबंधातल्या तक्त्यात पीएसएनआरच्या शेजारी एक जास्तीचा कॉलम ठेवा, ओळींच्या सरासरीचं विचलन भागिले पिक्सेलचं विचलन. तुमचा ०.२ चा आकडा ०.०५ च्या खाली उतरलेला परीक्षकाला तिथे दिसेल, पीएसएनआरमध्ये तो कधीच दिसणार नाही.

८०० आणि ८०१ चा प्रयोग आधी करून बघा, आणि पट्टे किती ओळींवरून किती ओळींवर गेले ते इथे लिहा. सोबत रेग्युलेटरचा नंबर आणि पिक्सेल क्लॉक दिलात तर कितवी पट लागतेय ते मी काढून देतो.